तात्यांची तेजी-मंदी

आमच्या बिरवाडीत पाऊस कधी येणार, हे तात्यांना विचारू नका. आफ्रिकेत दार-एस-सलामला कधी येणार ते विचारा. तुमचा चहा गार होईपर्यंत सांगत बसतील.

तात्या माझे शेजारी. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक गुडघे धरून बसतात, यांनी पूर्व आफ्रिकेचा बाजार धरला. त्यांची एकुलती लेक सुजाता तिकडे नवऱ्याबरोबर शाळेच्या गणवेशांचं दुकान चालवते. तात्या दिवसभर मोबाइलवर तिकडच्या बातम्या बघतात. विचारलं तर म्हणतात, "अभ्यास चालू हाय." दारात दूधवाला आला तरी "करिबू!" म्हणून स्वागत. म्हणजे तिकडचं 'या, या'. दूधवाला बिचारा अजूनही मागे वळून बघतो.

जगात त्यांना दोनच गोष्टी दिसतात, तेजी आणि मंदी. पोलादपूरला माझ्या भाच्याच्या लग्नात नवरा-नवरीवर फुलं टाकता टाकता मोठ्याने म्हणाले, "मंडपवाल्याची तेजी हाय रे!" कशेडी घाटात दरड आली, गाड्या अडकल्या, की यांचा पहिला प्रश्न, "वडापाववाल्याचं काय?" आमच्याकडे जेवताना भाजी कमी पडली तर तीही मंदीतच जमा होते. त्यांना जेवायला बोलवायचं म्हटलं की माझी बायको दुप्पट भाजी करते.

पण एका मंदीवर तात्यांचा फार जीव. तिकडे शाळा जानेवारीत सुरू होतात, तेव्हा गणवेश खपतात. मार्चमध्ये मोठा पाऊस लागतो आणि दुकान ओस पडतं. दुकान ओस पडलं तरच सुजाताला निघता येतं. आई गेल्यापासून ती आली नव्हती. यंदा येते म्हणाली होती. वीस मार्चला, सत्याग्रहाच्या दिवशी, बापलेक चवदार तळ्यावर अभिवादनाला जाणार होते. तात्यांनी तिच्यासाठी नवी गादी भरून घेतली, पांढरी साडीही आणून ठेवली.

फेब्रुवारीत तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. "बाबा, पावसात गिऱ्हाईक फिरकतच नाही हो. तुमचा अभ्यास काय म्हणतो?"

"बघून सांगतो," म्हणून तात्यांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे वळले. "पोरं पावसात पन शाळेत जातात. रेनकोट ठेवले तर उडतील. पन मंग ती दुकान सोडून येत नाय."

"मग नका सांगू," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं.

"आनि मंग मी बाप कसला रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगून मोकळे झाले.

वीस मार्चला तळ्यावर आम्ही दोघंच गेलो. पाय ठेवायला जागा नव्हती. तात्यांनी मोबाइल उंच धरून लेकीला तळं दाखवलं. तिच्यामागे दुकानात गिऱ्हाइकांचा गलका.

"बाबा, रेनकोट संपत आले! तिकडे कसं आहे?"

"लय तेजी हाय गो!" तात्या ओरडले.

फोन बंद करून त्यांनी तो खिशात नीट ठेवला. "घरात तेवढी मंदी हाय," म्हणाले, आणि माझा हात धरून गर्दीतून चालू लागले.