सत्तावन्न क्रमांकाचा ढग

पाऊस पडणे ही निसर्गाची बाब असली, तरी तो कोणामुळे पडला हे ठरवणे ही प्रशासनाची बाब आहे. या तत्त्वावर ज्या थोड्या संस्था निष्ठेने उभ्या आहेत, त्यांत मेघ-संवर्धन कार्यालयाचा क्रमांक बराच वरचा लागतो. कार्यालयाकडे एक विमान, दोन वैमानिक, ढगातले कण मोजणारा एक मोजणीस आणि जमिनीवर एकशे चौदा कर्मचारी होते. (जमिनीवरचे काम जास्त अवघड. तिथून ढग दिसत नाही, तो समजून घ्यावा लागतो.)

विमान दिसायला साधे होते. फक्त त्याच्या पंखाखाली पक्ष्याच्या चोचीसारखी एक नळी बसवलेली होती. विमान ढगात शिरले की नळी हवा ओढून घेई आणि मागच्या आसनावरचा मोजणीस त्या हवेतले कण मोजी : धूळ, धूर, काजळी, मीठ. हा मोजणीस म्हणजे एका मुद्रितशोधक मुलीचे वडील. मुलगी छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढी आणि संध्याकाळी घरी येऊन वडिलांच्या काढी.

"थेंबालासुद्धा टेकायला जागा लागते गं," वडील तिला चहा पिता पिता सांगत. "हवेतल्या कणावर तो टेकतो. कण फार झाले की प्रत्येकाच्या वाट्याला जरा जरा पाणी येतं, आणि थेंब एवढे हलके राहतात की खाली यायचं नावच घेत नाहीत. म्हणून आपण जरा जाड मीठ सोडून बघायचं, थेंब मोठे होतात का."

"मग होतात का?"

"तेच तर बघतोय."

पाच वर्षे ते हेच उत्तर देत राहिले. त्यांची बढती खुंटली ती या उत्तरामुळे, असा कार्यालयात समज होता आणि तो बरोबर होता.

उड्डाणाची पद्धत निर्दोष होती. ज्या ढगात शिरायचे, त्याचा अर्ज दोन दिवस आधी तीन प्रतींत द्यावा लागे. अर्जात ढगाचे सध्याचे ठिकाण, कायमचे ठिकाण आणि शेजारच्या ढगांची हरकत नसल्याचा उल्लेख असे. ढगाचे सरासरी आयुष्य चाळीस मिनिटे आणि अर्जाचे अकरा दिवस असल्यामुळे सुरुवातीला थोडी ओढाताण झाली. पण मुख्य वैमानिक, ज्यांना सगळे कप्तान म्हणत, ते सह्या झालेले कोरे अर्ज खिशात बाळगू लागले, आणि तेव्हापासून ढग नियमाने वागू लागले.

कार्यालयाच्या शिस्तीत न बसणारी एकच गोष्ट होती. वडिलांचे लिफाफे. गणिताच्या एक निवृत्त प्राध्यापिकाबाई हंगामाआधी चिठ्ठ्या तयार करत. निम्म्यांवर ‘सोडा’, निम्म्यांवर ‘सोडू नका’. मग त्या पत्त्यांसारख्या पिसून, बंद लिफाफ्यांत घालून पाठवत. ढगात शिरल्यावर वडील वरचा लिफाफा फोडत. ‘सोडा’ निघाले तर कप्तान पंखाला लावलेल्या मिठाच्या नळकांड्या पेटवत. ‘सोडू नका’ निघाले तर नुसते ढगातून जाऊन येत. दोन्ही वेळा तासभर घिरट्या घालून पाऊस पडतो का ते बघत. सगळ्याच आजाऱ्यांना औषध दिले आणि निम्मे बरे झाले, तर ते औषधाने झाले की आपले आपण, हे कळायला मार्ग उरत नाही, एवढे साधे त्यामागचे कारण होते. साधी कारणे वरपर्यंत पोचायला वेळ लागतो. हे कधीच पोचले नाही.

दुसऱ्या वर्षी पाऊस लांबला. मंत्री विमान बघायला आले आणि त्यांच्या हाती नेमका ‘सोडू नका’ लागला.

"म्हणजे लोक खाली तोंड वासून बसलेत, आणि तुम्ही वर जाऊन काहीच न करता परत येता?"

"तुलनेसाठी, साहेब," वडील म्हणाले.

"तुलना कोणाशी करताय? आमच्याशी?"

त्याच आठवड्यात आदेश निघाला. सर्व ‘सोडू नका’ रद्द. यापुढे प्रत्येक ढगात मीठ. शिवाय पहिल्या वर्षीच्या बिनमिठाच्या ढगांनाही पूर्वलक्षी प्रभावाने मीठ लागू करण्यात आले, म्हणजे जे ढग वर्षभरापूर्वी विरून गेले होते तेही वंचित राहू नयेत. वडिलांनी चार पानांचे विरोधी टिपण लिहिले. ते ‘पाहिले’ असा शेरा घेऊन परत आले. (शेरा खरा होता. टिपण पाहिले गेले होते.)

त्यानंतर वडिलांनी नोकरीत प्रथमच एक गैरवर्तन केले. प्राध्यापिकाबाईंचे लिफाफे ते जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून विमानात नेऊ लागले, आणि आदेशाऐवजी त्यांचेच ऐकू लागले. नळकांड्या न जळता परत आल्या तर भांडारात बोंब झाली असती. म्हणून ‘सोडू नका’च्या दिवशी कप्तान परतीच्या वाटेवर, निरभ्र आकाशात, एकही ढग दिसत नाही अशी खात्री करून सगळे मीठ जाळून टाकत.

"मोजणीसराव, एवढं मीठ निळ्या आभाळाला खिलवतोय," ते म्हणत. "पुढच्या जन्मी आपल्याला समुद्र करतील."

"मोजायला तरी मिळेल," वडील म्हणत.

सत्तावन्न क्रमांकाचा ढग चौथ्या वर्षी आला. काळा, रुंद, खालून सपाट. विमान त्यातून बाहेर पडल्यावर विसाव्या मिनिटाला जो कोसळायला लागला, तो तीन तास थांबला नाही. तळे भरले, रस्ते भरले, कार्यालयाचे तळघर भरले. वर्तमानपत्रांनी विमानाचे छायाचित्र पहिल्या पानावर छापले. कार्यालयाने त्या ढगाला यशोगाथेचा दर्जा दिला आणि त्याची प्रतिकृती कापसात करून प्रवेशद्वाराशी काचेच्या पेटीत ठेवली.

पुढच्या वर्षी वडील आजारी पडले. शेवटच्या आठवड्यात, रुग्णालयात, ते सलाईनच्या नळीकडे बघत होते. नर्स म्हणाली, मिनिटाला वीस थेंब. त्यांनी मुलीला घड्याळ लावून मोजायला सांगितले. बावीस भरले.

"सांग तिला," ते म्हणाले. "भांडू नकोस. नुसतं सांग."

मग त्यांनी उशाखालची वही तिच्या हातात दिली. "शेवटचं पान छापून यायला हवं. शुद्धलेखन बघ. आकड्यांना हात लावू नकोस."

गुरुवारी ते गेले. शनिवारी कार्यालयाचे पत्र आले : मोजणीसांच्या स्मरणार्थ समारंभ आणि गौरवग्रंथ, सत्तावन्न क्रमांकाच्या ढगाचे शिल्पकार म्हणून मरणोत्तर सन्मान. ग्रंथाची मुद्रिते मुलीने तपासावीत, अशी विनंती.

तिने वही उघडली. शेवटच्या पानावर वडिलांच्या तिरप्या अक्षरात एवढेच होते :

‘बेचाळीस ढगांत मीठ सोडले, पंचवीस बरसले. बेचाळीस ढगांत काही सोडले नाही, सव्वीस बरसले. यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणखी ढग हवेत.’

आणि आतल्या पानावर : ‘५७ — सोडू नका.’

आईने सगळे ऐकून घेतले. "पाच वर्षं माणूस जीव मुठीत धरून वर जायचा आणि यायचा. एकदा तरी कोणी टाळी वाजवली? आता वाजतायत तर वाजू देत की."

"खोट्यासाठी वाजतील, आई."

"मग खरं सांगून वाजवून घे. तुझे बाबा तेवढंच शिकले नाहीत."

मुलगी वही घेऊन संचालकांकडे गेली. संचालकांनी तिला लहानपणापासून पाहिलेले होते, त्यामुळे ते तिला बोलू देत नसत.

"बस बाळ. अगं, सत्तावन्न म्हणजे आपल्या कार्यालयाचं नाक! आणि तू म्हणतेस, त्यात मीठच नव्हतं?"

"नव्हतं, काका. पाऊस लागल्यावर चाळीस मिनिटांनी जळलं ते, परतीच्या वाटेवर, कोरड्या हवेत. कप्तानकाकांना विचारा."

संचालकांनी वही पुढून वाचली, मागून वाचली. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि मग, ढग पांगावेत तशा, एकेक करून निघून गेल्या.

"म्हणजे मीठ न वापरता पाडला?"

"पाडला नाही. पडला."

"काय नम्र माणूस! पाच वर्षं शेजारच्या खोलीत होते, पण एवढा शोध लावल्याचं बोलले नाहीत हो." त्यांनी कागद ओढला. "मिठाचे पंचवीस. बिनमिठाचे सव्वीस. म्हणजे बिनमिठाची पद्धत एका ढगाने सरस."

"एका ढगाने काही सिद्ध होत नाही. बाबांनी तसंच लिहिलंय."

"सिद्ध करायचं आमच्यावर सोड, बाळ."

तिने भांडण केले नाही. एकच मागितले : शेवटच्या पानावरची चारही वाक्ये ग्रंथात जशीच्या तशी छापायची, आणि समारंभात ती स्वतः वाचणार. संचालकांनी दोन्ही गोष्टी आनंदाने मान्य केल्या. वाक्ये दोनशे बाराव्या पानावर गेली. तिने त्या पानाचे मुद्रित तीनदा तपासले.

समारंभाला सभागृह गच्च भरले होते. पहिल्या रांगेत आई, शेवटच्या रांगेत, दाराजवळ, कप्तान. मुलीने व्यासपीठावर जाऊन वही उघडली आणि बातमी वाचावी तशा सरळ आवाजात वाचले. "बेचाळीस ढगांत मीठ सोडले, पंचवीस बरसले." मग पुढचे : "बेचाळीस ढगांत काही सोडले नाही, सव्वीस बरसले."

टाळ्यांनी छत हलले. लोक उभे राहिले. काही न सोडता सव्वीस! ती थांबली. टाळ्या दोन मिनिटे दहा सेकंद चालल्या. (घड्याळ तिच्या हातावर होते.) त्या ओसरल्यावर तिने उरलेली दोन वाक्ये वाचली. तोवर लोक खुर्च्या सरकवत चहाकडे निघाले होते. एक गृहस्थ तेवढे मागे राहिले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले, मान डोलावली आणि अदबीने विचारले, "ते सगळं पटलं, ताई. पण आमच्याकडे विमान कधी येणार?"

"वाजल्या गं," आई म्हणाली. आणि चष्मा पुसत राहिली.

पुढच्या हंगामापासून कार्यालयाने मीठविरहित मेघ-संवर्धन सुरू केले. विमान वर जाते, काही करत नाही, खाली येते. पहिल्याच महिन्यात तीनशे चाळीस वस्त्यांचे अर्ज आले. यशाचे प्रमाण एकसष्ट टक्के आहे. विमान न गेलेल्या भागांतले प्रमाणही एकसष्टच भरले, पण त्याचे श्रेय शेजारून गेलेल्या विमानाला देण्यात आले आहे. कण मोजणारी नळी वजन वाढवते म्हणून काढून टाकली. मोजणीसाचे पद रिकामे आहे आणि ते तसेच ठेवण्याचे ठरले आहे. प्राध्यापिकाबाईंनी नव्या हंगामाचे लिफाफे पाठवले होते. ते टपालाने परत गेले.

राहता राहिले दोनशे बारावे पान. त्यात एकही चूक नाही. वडिलांची चारही वाक्ये तिथे आहेत, आणि ती आता तुम्हीही वाचली आहेत. तिसरे वाक्यसुद्धा, कारण इथे टाळ्यांचा आवाज नव्हता. तुम्हाला सगळे नीट समजले आहे. तेव्हा पुढच्या आठवड्यात ते विमान तुमच्या घरावरून जाईल, तेव्हा तुम्ही घाईघाईने गच्चीत जाल आणि दोरीवरचे कपडे आत आणाल. पाऊस आला तर शेजाऱ्यांना हाक मारून सांगाल, बघा, आलं ना विमान! आणि नाहीच आला, तर म्हणाल की आज ते जरा उंचावरून गेलं.