करंगळी, वरची ओळ

त्रिविक्रमची दोन बोटं बाल्कनीच्या सरकत्या दारात सापडली, तेव्हा शमिकाने आधी बर्फ आणला, मग पट्टी बांधली आणि मग तिच्या लक्षात आलं, की आता आपला अर्ज टाइप कोण करणार? फ्रान्समधल्या एका पेस्ट्रीच्या शाळेत सहा आठवडे शिकायची शिष्यवृत्ती होती. दोन वर्षं फ्रेंच शिकून तिने पानभर पत्र हाताने लिहून काढलं होतं. ते आज दुपारी साडेतीनपर्यंत पाठवलं नाही, तर संधी गेलीच. फ्रेंच अक्षरांच्या डोक्यावर तिरक्या रेघा, टोप्या असं बरंच काही असतं. ते टाइप करायचं काम त्रिविक्रमने आपणहून अंगावर घेतलं होतं आणि ‘दहा मिनिटांचं तर काम’ म्हणत आठ दिवस टांगून ठेवलं होतं.

त्याची ऐट त्याच्या कीबोर्डवर होती. सगळं जग ज्या क्रमाने बटणं बडवतं तो क्रमच मुळात चुकीचा आहे, हे पुण्याहून या कानडी मुलखात येताना त्याने सोबत आणलेल्या अनेक ठाम मतांपैकी एक. त्याच्या मांडणीत सगळे स्वर डाव्या हाताखाली आणि रेघा-टोप्या चुटकीसरशी. बघून टाइप करायची सवय मोडावी म्हणून त्याने बटणंही कोरी घेतली होती. एकावरही अक्षर नव्हतं, त्यामुळे घरात दुसरं कोणी त्या कॉम्प्युटरच्या वाटेला जात नसे.

आपण नेहमीची मांडणी लावू या का, असं शमिकाने विचारलं.

“तिच्यात रेघा नाहीत,” तो पट्टी बांधलेला हात उंच धरून म्हणाला. आणि एका हाताने टाइप करणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते असं.

तेवढ्यात जावयाची बोटं चेमटल्याचं ऐकून जयसिंगराव चामराजपेटच्या आपल्या घरून जे. पी. नगरला मुलीकडे येऊन थडकले. शमिकाचे हे वडील, म्हणजे सगळ्यांचे अण्णा. तीस वर्षं त्यांनी टायपिंगचे वर्ग चालवले होते, इंग्रजी आणि मराठी दोन्ही मशीनवर. ज्या क्रमावर आपण संसार उभा केला तो जावयाने मोडीत काढावा, हे त्यांना लग्नापासून सलत होतं. गेली दोन वर्षं सासरा-जावयाचं बोलणं ‘जेवलात का’ आणि कानडी ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, यांच्यापुढे गेलं नव्हतं.

हकीकत ऐकून अण्णांनी खुर्ची ओढली. बटणं कोरी असली म्हणून त्यांचं काही अडणार नव्हतं, जन्मात त्यांनी बटणांकडे पाहिलं नव्हतं. पत्राची सुरुवात ‘मादाम’ने होती. पहिली दोन अक्षरं अचूक उमटली. अण्णांनी जावयाकडे एक नजर टाकली. तिसऱ्या अक्षरापासून मात्र सगळं कडबोळं झालं, कारण त्या मांडणीत जुन्या जागेवर राहिलेली अक्षरं नेमकी तीच दोन होती.

मग त्रिविक्रम शेजारी बसून बोटं सांगू लागला. डावं मधलं, जागेवरच. उजवी तर्जनी, खालची ओळ. तो अर्ध्या वेळा अडायचा, कारण कुठलं अक्षर कुठे आहे हे त्याला नाही, त्याच्या बोटांना ठाऊक होतं. आठवण्यासाठी तो दुखरी बोटं टेबलावर आपटायचा आणि कळवळायचा. अण्णा म्हणायचे, “हळू ओ, त्रिविक्रमराव.” दीड तासात तीन ओळी झाल्या.

चौथ्या ओळीत पहिली तिरकी रेघ आली.

“डावी करंगळी, वरची ओळ. दाबल्यावर काही दिसणार नाही. मग अक्षर दाबा.”

अण्णांचा हात थांबला. “म्हंजे रेघ आधी, अक्षर मागनं?”

“हो.”

“अहो, हे तर आमचंच की! मराठी मशीनवर रफार मारला की कागदाची गाडी पुढं सरकत नव्हती. मग अक्षर मारायचं, ते बरोबर त्याच्याखाली.” त्यांनी बटणं दाबली. डोक्यावर रेघ घेऊन अक्षर अवतरलं. दोघांनी ते पुन्हा पुन्हा उमटवून पाहिलं. मग रफारावरून गोष्ट मशीनच्या तेलावर गेली, तेलावरून परीक्षांवर, आणि त्रिविक्रम प्रश्न विचारत राहिला. त्याला अण्णा इतके बोलतात हे ठाऊकच नव्हतं.

घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. पत्राच्या बावीसपैकी सात ओळी झाल्या होत्या. दोन वर्षं ही पोरगी पहाटे उठून क्रियापदं घोकत होती आणि आपण आपल्या कीबोर्डच्या तोऱ्यात तिच्या मेहनतीचं वाटोळं केलं. त्रिविक्रम उठला, स्वयंपाकघरात गेला आणि आयुष्यात प्रथमच म्हणाला, “शमिका, चूक माझी आहे. पत्र होत नाही.”

शमिका चहा गाळत होती. “पत्र? ते मी दोन वाजताच पाठवलं की. पोचल्याची मेलसुद्धा आली.”

“कसं?”

“फोनवरनं. अक्षर स्वल्प वेळ दाबून धरलं की सगळ्या रेघा आपोआप वर येतात. बोटानं निवडायची.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं. दोनदा. एकदा तू म्हणालास श्श, एकदा अण्णा म्हणाले, थांब गं, रेघ चुकेल.”

ती कप घेऊन बाहेर गेली. अण्णांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चहाचा घोट घेतला, पडद्यावरच्या सात ओळींकडे बघितलं आणि जावयाला म्हणाले, “फोनवर बोट दाबून धरायचं, याला टायपिंग म्हणत नाहीत.”

“अजिबात नाही, अण्णा,” त्रिविक्रम खुर्ची जवळ ओढत म्हणाला. “आठवी ओळ घ्यायची?”