बोंबल्याची पाठवणी

उघड्या दर्यात, डोलत्या होडीत चाळीस वर्षं झोप काढलेल्या माणसाला तंबूत झोपायला कोण काय शिकवणार, असं लहू वैती गेले आठ दिवस भेटेल त्याला सांगत होता. प्रभादेवीच्या पलीकडच्या कोळीवाड्यात एकही माणूस असा उरला नव्हता, ज्याने हे वाक्य निदान दोनदा ऐकलं नसेल. होडीचं इंजिन दुरुस्तीला गेल्यामुळे लहूला काम नव्हतं आणि लोकांना सुटका नव्हती.

‘कॅम्पिंग’ म्हणजे काय हे त्याला समजलं तेव्हा आधी हसूच आलं होतं. उघड्यावर चूल मांडायची, आभाळ बघत पडायचं, अंघोळीची घाई करायची नाही. हे तर तो पोटापाण्यासाठी करत आला होता, आणि लोक हौसेने करतात म्हणे! छाती काढून तो हे सगळं बोलायचा खरा, पण आत कुठेतरी त्याचा जीव थोडा थोडा होत होता. कारण तो कॅम्पिंगला चालला होता तो बोंबल्याला देऊन टाकायला.

बोंबल्या हे पिल्लू. दिवाळीनंतर एकदा धक्क्यावरच्या जुन्या जाळ्यांच्या ढिगातून केकाटण्याचा आवाज आला. लहूने जाळं उपसलं, तर आत नायलॉनच्या दोऱ्यात पाय अडकलेलं, ओल्या बोंबलासारखं लिबलिबीत एक पिल्लू. त्याने सुरीने दोरा कापला, पिल्लू सदऱ्यात घातलं आणि घरी आणलं. अंगाने बोंबील आणि रात्रंदिवस बोंबलणारा, त्यामुळे नावावर कुणी फार डोकं चालवलं नाही.

सोनूबाई, म्हणजे लहूची बायको, दादरच्या बाजारात मासे विकते. तिच्या घरात कुत्रा ठेवणं म्हणजे चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या देणं. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, “पाय बरा होईस्तो राहूदे. मंग याला घर शोधा.” लहूने मान डोलावून शब्द दिला. आठवड्यात बोंबल्याने वाळत घातलेल्या सुक्या मासळीची अर्धी दोरी संपवली, दुसऱ्या आठवड्यात तो सोनूबाईच्या पाटीत झोपायला लागला, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचा पाय ठणठणीत बरा झाला.

आता शब्द पाळायला हवा होता. लहूने चैत्रालीला फोन केला. दादरची ही मुलगी रस्त्यावरच्या जनावरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होती आणि बोंबल्याच्या पायाला मलमपट्टी तिनेच केली होती. चांगलं घर शोधायला निदान वर्षभर लागेल, असा लहूचा हिशेब होता. चैत्रालीने चार दिवसांत घर शोधलं. एवढी कार्यक्षम पोर त्याने जन्मात पाहिली नव्हती, आणि पाहायची इच्छाही नव्हती.

घर प्रभादेवीतलं, बाविसाव्या मजल्यावरचं. अभय आणि सीमा हे तरुण जोडपं, दोघंही कॉम्प्युटरवाले, दर महिन्याला तंबू घेऊन कुठेतरी जाणारे. त्यांना असं पिल्लू हवं होतं, जे डोंगरपाण्यात रमेल. त्यांनीच सुचवलं की सगळे मिळून कर्जतच्या पुढे एका धरणाकाठी जाऊ, पिल्लाला आमची सवय होईल, तिथेच चैत्राली फॉर्म भरून घेईल आणि परतताना आम्ही त्याला घरी नेऊ. चंद्र नसला की तारे छान दिसतात, म्हणून त्यांनी अमावास्येचा शनिवार ठरवला. त्यांच्या आवडत्या कॉफीवरून नवं नावही ठरलं होतं. मोका.

सोनूबाई म्हणाली, मीही येते. जनावर कुणाच्या हातात जातंय ते बघायला नको? मासा घेणारी माणसं कल्ला उघडून बघतात, तसं तिने गाडीत बसल्याबसल्या अभय-सीमाला तपासून घेतलं. नोकरी, जेवण, सासूसासरे, घरात फरशी घसरते का, सगळं विचारून झालं. दोघांत नाव ठेवायला जागा सापडली नाही, आणि त्यामुळे तिचा चेहरा कर्जत येईपर्यंत उतरत गेला. बोंबल्या मात्र तिच्या मांडीवर घोरत होता.

धरणाच्या काठावर पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. जागा गंगाधर नावाच्या गावकऱ्याची. त्याने कुठे काय आहे ते दाखवलं आणि तो गावातून भाकऱ्या आणायला निघून गेला. पाण्यालगत परळच्या एका बँकेतली पंधरा माणसं आधीच उतरली होती. त्यांचे तंबू लागले होते, बिर्याणीचा टोप चुलीवर चढला होता. अभयनेही पाण्यापासून दहा पावलांवर तंबू ठोकायला घेतला. बोंबल्या पायात पायात येत होता, म्हणून त्याचा पट्टा त्याने पाण्याच्या कडेला असलेल्या एका झुडपाला बांधला.

लहू कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत होता. मग त्याने आभाळाकडे पाहिलं, बोटं मोजली आणि अभयच्या खांद्यावर हात ठेवला.

“पोरा, ह्यो तंबू उचल.”

अभयला काही कळेना. लहूने शांतपणे समजावलं. आज अमावास्या. अमावास्येला बाराच्या सुमाराला भरती, आणि तीही साधी नाही, उधाणाची. इथे तंबू ठेवलात तर उशीसकट वाहून जाल.

“काका, पण हे धरण आहे ना? धरणाला भरती येते?” सीमाने विचारलं.

“बाय, पानी दर्याचा असो नाय तर धरनाचा, चांद काय इचारून वढतो?”

अभय इंजिनिअर. चंद्र पाणी ओढतो हे तो शाळेत शिकला होता आणि परीक्षेत लिहूनही आला होता. किती पाणी ओढतो ते फोनवर बघावं म्हटलं, तर तिथे नेटवर्क नव्हतं. समोर चाळीस वर्षं समुद्र पाहिलेला माणूस ठामपणे सांगतोय आणि आपल्याकडे काय, तर तिमाही परीक्षेतले सात गुण. त्याने खुंट्या उपटायला सुरुवात केली.

उरलीसुरली शंका सोनूबाईने मिटवली. तिने आयुष्यात नवऱ्याचं एकाच बाबतीत ऐकलं होतं, ते म्हणजे पाणी. लहूने भरती म्हटल्याबरोबर ती डबे, पाटी आणि चपला उचलून चढावर चालायलाही लागली. एक कोळीण सामान उचलून निघाली म्हटल्यावर बँकवाल्यांमध्ये चुळबुळ सुरू झाली.

बँकवाल्यांचा म्होरक्या होता बुद्धभूषण. परळच्याच चाळीत वाढलेला, शिस्तीचा माणूस. ऑफिसात आपत्कालीन कवायतीचं त्याने तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं, त्याला प्रमाणपत्र मिळालं होतं, पण आठ वर्षांत एकदाही आपत्ती आली नव्हती. लहूचं बोलणं त्याने एकदाच ऐकलं, खिशातून शिट्टी काढली आणि जोरात फुंकली. आधी महिला, मग ज्येष्ठ नागरिक, मग बिर्याणी. पळायचं नाही, ढकलायचं नाही, सेल्फी काढायचा नाही.

पुढचा तासभर त्या काठावर जे झालं, ते एखाद्या गावाचं पुनर्वसन झाल्यासारखं होतं. तंबू उपटले, गाद्या गुंडाळल्या, अर्धवट शिजलेल्या बिर्याणीचा टोप चौघांनी पालखीसारखा वर नेला. वर सपाट जागा एकच होती आणि तिथे हिरवंगार वालाचं शेत होतं. नाइलाज होता. बुद्धभूषणने ‘मनुष्यहानी टाळणे महत्त्वाचे’ असं म्हणून वालात पहिली खुंटी ठोकली. लहू मधे उभा राहून दोर कसा बांधायचा ते सांगत होता. प्रत्येक तंबूला त्याने होडीची गाठ मारली, जी वाऱ्याने सुटत नाही आणि माणसाच्यानेही सुटत नाही.

सगळं वर पोचलं तेव्हा बाराला पाच कमी होते. बुद्धभूषणने कागद काढून हजेरी घेतली. माणसं वीस, बरोबर. टोप एक, बरोबर. मग त्याने कागद जवळ धरला.

“पिल्लू एक?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चैत्रालीला वाटलं सीमाकडे आहे, सीमाला वाटलं सोनूबाईकडे. अभयचा चेहरा पांढरा पडला. “मी खाली बांधलं होतं त्याला. झुडपाला.”

खाली पाण्याच्या कडेला बोंबल्या दिसत होता. वारा सुटल्यामुळे लाटा काठावर चुबुक चुबुक येत होत्या, आणि तो पट्टा ताणून त्यांच्यावर भुंकत होता.

बांधलेलं जनावर आणि चढतं पाणी! लहूने पुढचा विचार केलाच नाही. ज्या माणसाने गेल्या वर्षी गुडघे दुखतात म्हणून गणपतीत नाचायला नकार दिला होता, तो वालाचं शेत तुडवत, दगडांवरून उड्या मारत उतारावरून सुटला. “बोंबल्या रं!” अशी त्याची हाक साऱ्या खोऱ्यात घुमली. खाली पोचून तो थेट पाण्यात शिरला, कारण भरतीच्या वेळी जनावर पाण्याच्या बाजूने उचलायचं असतं असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. पाण्याखाली शेवाळ होतं. लहू बसला तो कमरेपर्यंत पाण्यात बसला. त्याला उचलायला कुणीतरी मागून झेप घेतली आणि तेही शेजारी बसलं. ती सोनूबाई होती. तिने काष्टा खोचलेला होता आणि ती लहूच्या मागोमाग, त्याच्याइतक्याच वेगाने आली होती.

बोंबल्याला वाटलं खेळ सुरू झाला. तो दोघांचीही तोंडं चाटायला लागला.

तेवढ्यात भाकऱ्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन गंगाधर आला. त्याने आधी पाण्यात बसलेल्या दोघांकडे पाहिलं. मग वर, आपल्या वालातल्या नऊ तंबूंकडे पाहिलं. टोपलं खाली ठेवलं.

“काय झालं?”

“भरती येते,” लहू धापा टाकत म्हणाला.

गंगाधरने धरणाकडे पाहिलं. अगदी नीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. त्याचा बाप याच काठावर म्हातारा झाला होता.

“धरणाला?”

एवढंच म्हणाला तो. पण त्या एका शब्दात असं काही होतं की लहूला सगळं एकदम उमगलं. पाणी जिथे दहा वाजता होतं तिथेच होतं. बारा वाजून गेले होते. वर आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग अख्खी बँक हसली. अभय आणि सीमा एकमेकांना धरून हसत होते. बुद्धभूषण तेवढा हसत नव्हता. त्याची आठ वर्षांची आपत्ती हातची गेली होती.

लहूला वाटलं, आता खरंच भरती यावी आणि आपल्याला घेऊन जावी. चाळीस वर्षांची अब्रू एका अमावास्येत बुडाली होती, तीही गोड्या पाण्यात. तो बोंबल्याला छातीशी धरून तसाच बसून राहिला. मान वर करायची सोय नव्हती.

शेजारी सोनूबाई पदर पिळत होती. ती म्हणाली, “तुमी कशाला पलालात?”

“बुडला असता ना तो.”

“द्यायचा होता तर परक्याचा झाला. ज्याचा त्याने पलायचं.”

लहूने हळूच विचारलं, “आनि तू कशाला पललीस?”

सोनूबाईने बोंबल्याचे कान पदराने पुसले, आधी डावा, मग उजवा, पुन्हा डावा. “मी बोलले घर शोधा,” ती म्हणाली. “तुमी एकदा तरी नाय बोलायचं होतं. मी महिनाभर वाट बगते.”

लहू बघतच राहिला. तीस वर्षांच्या संसारात बायकोचं ऐकलं नाही म्हणून तो हजारदा बोलणी खाऊन बसला होता. ऐकलं म्हणून ऐकून घ्यायची ही पहिलीच वेळ. पण त्याचे डोळे भरून आले, आणि चेहरा आधीच ओला असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

सीमा आणि अभय खाली आले होते. हसून हसून दोघांचे डोळे लाल झाले होते. सीमाने खाली बसून “मोका, मोका” अशी हाक मारली. बोंबल्याने शेपूटही हलवलं नाही, उलट सोनूबाईच्या ओल्या पदरात तोंड खुपसलं. सीमाने त्या तिघांकडे पाहिलं. मग ती उठली आणि अभयला म्हणाली, “आपण मघाशी वरच उभे राहिलो रे. हे दोघं खाली आले.”

अभयने मान हलवली. त्याला वाईट वाटलं होतं हे दिसत होतं, पण त्याने चैत्रालीला विचारलं की गाडीत तिने सांगितलेलं, परळच्या गोदामामागे सापडलेलं ते काळं पिल्लू अजून आहे का. होतं. चैत्रालीकडे पिल्लांची कमतरता कधीच नसते. पुढच्या महिन्यात त्याला घेऊन सगळ्यांनी पुन्हा इथेच यायचं असं ठरलं. गंगाधर म्हणाला, जरूर या, पण वालात उतरायचं नाही. मग बुद्धभूषणने नऊही तंबू परत खाली आणायची कवायत सुरू केली. गाठी काही सुटेनात, तेव्हा लहूला वर बोलावणं आलं. जाताना त्याची पाठ जरा ताठ झाली.

बिर्याणी आणि भाकऱ्या खाऊन झाल्यावर चैत्राली फॉर्म घेऊन बसली. आणलाच आहे तर तुमच्याच नावावर भरू, ती म्हणाली. जबाबदार व्यक्ती कोण लिहू, असं तिने विचारलं आणि लहूने तोंड उघडण्याआधी सोनूबाईने स्वतःचं नाव सांगितलं. पत्ता झाला, फोन नंबर झाला.

“मावशी, घरात आधीपासून पाळलेलं कोणी आहे का?”

सोनूबाईने वळून लहूकडे पाहिलं. तो बोंबल्याला पोटावर घेऊन, वाळत घातलेल्या सदऱ्याच्या सावलीत आडवा झाला होता.

“एक हाय. तीस वर्सं सांभालते.”

चैत्रालीने हसू दाबत रकान्यात एक लिहिलं. “लसीकरण झालंय का त्याचं?”

“दोनी डोस झालेत,” लहू डोळे न उघडता म्हणाला.