आतली यादी

"शंभर टक्के चालणार!" ती म्हणाली.

हे वाक्य ती दिवसातून सरासरी अकरा वेळा म्हणत असे. सरासरी हा शब्द मुद्दाम वापरला आहे. संख्याशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीबद्दल अंदाजपंचे बोललेलं तिलाच खपलं नसतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरच्या कामाला लागून तिला सहा महिने होत आले होते. आज सकाळी ठीक दहाला तिचा 'हाक' नावाचा प्रोग्रॅम पहिली हाक मारणार होता. टोकन क्रमांक आणि पेशंटचं नाव पडद्यावर झळकणार, शिवाय स्पीकरमधून गोड आवाजात ऐकूही येणार. बघायला तीन विश्वस्त यायचे होते. प्रोग्रॅम चालला तर नोकरी कायम. नाही चालला तर... हे वाक्य मोठ्या डॉक्टरांनी अर्धवट सोडलं होतं. आणि मोठे डॉक्टर वाक्य अर्धवट सोडणाऱ्यांतले नव्हेत.

काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम सुरू करून ती पहिल्या बाकावर आईशेजारी येऊन बसली. आईचा आज चष्म्याचा नंबर तपासायचा होता. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे आईला सगळं जग धुक्यात दिसत होतं, पण तोंडावर थेंबांचा काही परिणाम होत नसतो.

"एवढा सगळा कारभार त्या बोटभर पेनड्राइव्हमध्ये मावला?"

"अगं आई, प्रोग्रॅम, चित्रं, आवाज, सगळं एकाच जार फाईलमध्ये बांधलंय. गाठोडंच समज. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची, जावा, डॅश जार, हाक डॉट जार. गाठोडं न सोडताच आतलं सगळं कामाला लागतं!"

"बांधल्यावर एकदा उघडून बघितलंस?"

"कशाला? शंभर टक्के बरोबर आहे."

"तुझे बाबाही असंच म्हणाले होते. चार दिवसांच्या मुक्कामाला गेलो, पोचून बॅग उघडली, तर आत रद्दी! कपड्यांची बॅग रद्दीवाल्याकडे."

आईची खोड मोडावी म्हणून तिने मांडीवरचा लॅपटॉप उघडला. काळ्या खिडकीत आज्ञा दिली: गाठोड्यात काय काय आहे ते दाखव. भराभर नावं उतरली. सातव्या ओळीवर तिची नजर थांबली.

'चाचणी-यादी.'

त्याचं असं झालं होतं. प्रोग्रॅम तपासायला नावं लागतात. खऱ्या पेशंटची नावं वापरायची नाहीत, हा तिचाच नियम. म्हणून एका रिकाम्या दुपारी तिने काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर बसून दवाखान्यातल्याच मंडळींची टोपणनावं यादीत टाकली होती. मनातली, अगदी खास. गाठोड्यात चाचणीची यादी सापडली तर प्रोग्रॅम तीच वाचायचा. नाही सापडली तरच खऱ्या पेशंटची. म्हणून काल संध्याकाळी तिने फोल्डरमधून ती यादी पुसून टाकली होती. पण मग गाठोडं नव्याने बांधायचं सोडून, 'जुन्यातच नवं भर' अशी आज्ञा दिली! या आज्ञेने नवं आत जातं, बदललेलं बदलतं. पण जुनं काढून टाकायचं काम त्या आज्ञेचं नव्हे. हे तिला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते.

नऊ एकावन्न!

तिने तिथल्या तिथे गाठोडं नव्याने बांधलं. चार सेकंद लागले. काल हेच चार सेकंद वाचवायला गेली होती! पेनड्राइव्ह उपटून ती काउंटरमागे धावली आणि जुन्या फाईलवर नवी टाकायला गेली. कॉम्प्युटर शांतपणे म्हणाला, 'ही फाईल वापरात आहे.'

म्हणजे आधी काळी खिडकी बंद करायला हवी. तिने माऊसकडे हात नेला, आणि माऊसवर दुसराच एक हात येऊन बसला.

"हात लावू नका!" मोठे डॉक्टर होते. मागे तीन विश्वस्त. "चालू आहे ना?"

"चालू आहे सर, पण एक मिनिट बंद करून..."

"चालू आहे ते बंद कशाला करायचं?"

"सर, आतमध्ये ती जुनी..."

"थोडक्यात सांगा."

"सर, चुकीची यादी..."

"थोडक्यात म्हणजे एका शब्दात!" असं म्हणून डॉक्टर विश्वस्तांकडे वळले आणि थोडक्यात बोलण्याचे फायदे या विषयावर सलग पाच मिनिटं बोलले. या पाच मिनिटांत त्यांचा हात माऊसवरून तसूभरही हलला नाही.

नऊ अठ्ठावन्न.

आता एकच उपाय. स्पीकरची पिन काढायची आणि पडदाही विझवायचा! ती काउंटरखाली शिरली. खाली वायरींचा असा गुंता होता की जणू दहा जणींनी मिळून एकाच स्वेटरचं विणकाम उसवलं होतं. तिने एक पिन उपटली.

"अरे, पडदा गेला!" वरून विश्वस्तांचा आवाज.

"हरकत नाही," डॉक्टर म्हणाले, "आवाज आहे ना! आवाज वाढवा जरा."

काउंटरवरच्या बाईंनी आवाज पुरता वाढवला. तिने घाईने दुसरी पिन उपटली. पंखा थांबला. तिसरीला हात घातला, ती हलेना, आणि भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले.

"टोकन क्रमांक एक," गोड आवाज दवाखानाभर घुमला. "तोफ. खोली क्रमांक तीनमध्ये यावे."

बाकांवरचे एकमेकांकडे बघू लागले.

"कोण तोफ?" एका विश्वस्तांनी विचारलं.

डोळ्यावर पट्टी बांधलेले एक आजोबा काउंटरकडे बोट दाखवून म्हणाले, "या बाईच असतील. सकाळपासून मला दिसत काही नाही, पण ऐकू फार येतंय!"

बाक हसले. काउंटरवरच्या बाईंनी मात्र मानही वर केली नाही. त्या कागदांवर शिक्के मारत राहिल्या. नेमकं याचंच तिला काउंटरखाली नवल वाटलं. तोफ न उडता गप्प?

"टोकन क्रमांक दोन. डुलकी. खोली क्रमांक तीनमध्ये यावे."

दाराशी खुर्चीत बसलेला वॉचमन दचकून उठला. "आलो, आलो!" म्हणत थेट खोली क्रमांक तीनमध्ये शिरला आणि दार लावून घेतलं. त्याला मोठा नंबर निघाला हे नंतर कळलं. बिचारा झोपत नव्हता, डोळे बारीक करून येणाऱ्यांना ओळखायचा प्रयत्न करत होता!

"बहुतेक संगणकीय नावं असावीत," डॉक्टर विश्वस्तांना समजावू लागले. "थोडक्यात सांगायचं झालं तर..."

"टोकन क्रमांक तीन," गोड आवाजाने त्यांना मध्येच तोडलं. "थोडक्यात साहेब. खोली क्रमांक तीनमध्ये यावे."

एका विश्वस्तांनी रुमाल तोंडावर धरला. दुसरे छताकडे बघू लागले. तिसऱ्यांना ठसका लागला. मोठ्या डॉक्टरांचे कान हळूहळू लाल होत गेले.

"ही यादी कोणी केली?"

ती काउंटरखालून बाहेर आली. केसांत कोळिष्टकं, हातात पंख्याची पिन.

"मी."

सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिने डॉक्टरांना एका शब्दात उत्तर दिलं होतं. झालं ते झालं, असं तिने मनाशी म्हटलं. तीनच नावं टाकली होती, यादी संपली.

"टोकन क्रमांक चार," गोड आवाज म्हणाला.

चार?

"शंभर टक्के. खोली क्रमांक तीनमध्ये यावे."

यावेळी कोणी विचारलं नाही की हे कोण. नर्स, औषधवाला, झाडणारे काका, सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. काउंटरवरच्या बाईंनी शिक्का खाली ठेवला आणि पहिल्यांदाच वर बघितलं.

"यादी माझ्या कॉम्प्युटरवर उघडी टाकून जेवायला गेला होतात ना ताई," त्या गोडीत म्हणाल्या, "म्हटलं, एक नाव राहिलंय."

पहिले हसले ते मोठे डॉक्टर. मग विश्वस्त हसले, मग पट्टीवाले आजोबा. हसणं ओसरल्यावर डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"हाक स्वच्छ ऐकू येते. एवढं बरं आहे. नोकरीचं तीन महिन्यांनी बघू. तोवर गाठोडं बांधलं की उघडून बघायचं. दर वेळी." आणि ते खरोखरच एवढंच बोलून थांबले.

ती बाकावर येऊन बसली. आई अजून धुक्यातच होती.

"झालीस का गं कायम?"

"शंभर..." ती म्हणाली आणि उरलेला शब्द गिळला. "बहुतेक. तीन महिन्यांनी."

"असू दे," आईने चाचपडत तिचा हात धरला. "पण यंत्र हुशार आहे हो तुझं. घरात आम्ही तुझ्या मागे तुला काय म्हणतो, ते त्याला कसं कळलं?"