फोटोमागचा चाकू

आत्मारामांच्या बोटाला तीन टाके पडले त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलाने, परेशने, घरातली प्रत्येक धारदार वस्तू गोळा केली. तीन सुऱ्या, विळी, किसणी आणि कशासाठी कोण जाणे, लाटणंसुद्धा. सगळं स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात गेलं, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली सुनेच्या, म्हणजे सुरुचीच्या पर्समध्ये जाऊन बसली.

"बाबा, तुमचा हात थरथरतो. यापुढे सुरीला हात लावायचा नाही," परेश म्हणाला.

"अरे, चाळीस वर्षं सातिवलीच्या कारखान्यात फिटर होतो मी! केसाएवढा फरक हाताने ओळखायचो."

"तेव्हा हात थरथरत नव्हता."

आत्माराम जास्तच चिडले. त्यांच्या पत्नी मनोरमाबाईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्या असताना दुपारी तीन वाजता पेरू कापला जायचा, मीठ-तिखट लावलं जायचं, अर्धा त्यांना आणि अर्धा यांना. आता सुरुची सकाळी शाळेत शिकवायला जाण्याआधी पेरू कापून डब्यात ठेवायची. तीनपर्यंत तो तपकिरी पडायचा आणि त्याला डब्याचा वास यायचा. माणूस चौऱ्याहत्तर वर्षं जगतो आणि शेवटी त्याला स्वतःचा पेरू स्वतः कापू देत नाहीत, हे आत्मारामांना टाक्यांपेक्षा जास्त दुखत होतं.

पेरू यायचे ते वटारहून, गॉडफ्रेच्या वाडीतून. गॉडफ्रे त्यांचा कारखान्यातला जुना जोडीदार. आत्माराम दर बुधवारी बसने त्याच्याकडे जायचे. त्यानेच मार्ग काढला.

"स्वतःचा चाकू घे, आत्मा. घडीचा. खिशात मावेल असा. घरात दुपारी वापर, इकडे वाडीत आलास की बाहेर वापर. कोणाला कळणारे?"

दोघे सातिवलीला हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने काचेवर चाकूंची रांग मांडली.

"काका, कशासाठी पाहिजे?"

"पेरू कापायला."

"आणि आउटडोअर, म्हणजे बाहेर फिरताना?"

"तिथेही पेरूच."

पहिल्या चाकूला पान्हा, शिट्टी आणि होकायंत्र होतं. होकायंत्र कसंही फिरवलं तरी अर्नाळ्याकडेच बोट दाखवत होतं. "एवढ्या गोष्टींत चाकू कुठला ते शोधेपर्यंत पेरू पिकेल," आत्माराम म्हणाले. दुसरा इतका घट्ट होता की उघडायला गॉडफ्रेने दात लावले, आणि दुकानदाराने तो घाईघाईने परत घेतला. तिसरा दिसायला देखणा होता. आत्मारामांनी तो उघडला, पात्याखाली दुकानातली पेन्सिल धरली आणि पात्याच्या पाठीवर दाब दिला. खटका सुटला, चाकू मिटला, पेन्सिलीचे दोन तुकडे झाले.

"ही पेन्सिल नाही, माझं बोट आहे असं समज," आत्माराम म्हणाले. दुकानदाराने तसं समजून तोही बाजूला ठेवला.

चौथा साधा होता. तीन बोटं लांबीचं न गंजणारं पातं, खरबरीत काळी मूठ, अंगठ्याने उघडणारा. खटका असा बसायचा की कितीही दाबलं तरी पातं जागचं हलत नव्हतं. उघडलेलं पातं आत्मारामांनी आडवं हलवून पाहिलं, उभं हलवून पाहिलं. जरासुद्धा खेळ नाही, कुठे डगमग नाही. किंमत तीनशे ऐंशी. मुठीवर बोटं बसली आणि हाताची थरथर अर्धी झाल्यासारखी वाटली.

"हा," ते म्हणाले.

चंदनसारच्या त्यांच्या इमारतीत अजून निम्मे फ्लॅट रिकामे होते. दुपारी सातव्या मजल्यावर इतकं सामसूम असायचं की लिफ्ट कुठल्यातरी रिकाम्या मजल्यावर थांबली तरी आवाज यायचा, दार उघडायचं, कोणी बाहेर पडायचं नाही, आणि दार मिटायचं. अशाच एका दुपारी आत्मारामांनी पेरू कापला. मीठ-तिखट लावलं. अर्धा हातात घेतला आणि सवयीने उरलेला अर्धा बशीत घालून मनोरमाबाईंच्या फोटोसमोर ठेवला.

तेवढ्यात दाराच्या कुलपात चावी फिरली. शाळा लवकर सुटली होती. आत्मारामांनी चाकू मिटला, फोटोच्या मागे सारला, पलंगावर उडी घेतली आणि डोक्यावरून पांघरूण ओढलं.

सुरुची आत आली आणि थबकली. फोटोसमोर ताजा कापलेला पेरू. तिने पर्स उघडून किल्ली पाहिली. स्वयंपाकघरात जाऊन कुलूप ओढून पाहिलं. परत आली. मग ती हलकेच म्हणाली, "आई?"

पांघरुणात आत्मारामांच्या अंगावर काटा आला. ही हाक त्या घरात दीड वर्षात कोणी मारली नव्हती.

"आई, बाबांची सुरी काढून घेतली म्हणून रागावलात का?"

खरं बोलावं तर नवा चाकू वरच्या कपाटात जाणार. न बोलावं तर बायकोच्या नावावर भूत लागणार. आत्मारामांनी चाकूचा विचार केला आणि घोरायला सुरुवात केली.

संध्याकाळी परेशने तपास केला. "कुलूप शाबूत. दार बंद. बाबा झोपलेले. मग पेरू कापला कोणी?"

"तूच सांग," सुरुची म्हणाली.

परेश इंजिनिअर होता, त्यामुळे त्याने काही सांगितलं नाही. फक्त न्हाणीघरात जाताना दार उघडं ठेवू का, असं बायकोला विचारलं.

प्रकरण पेरूवर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण दोन दिवसांनी सुरुचीने निघताना फोटोसमोर ताटात पाव किलो भेंडी ठेवली. "आई, तुम्ही आहातच, तर एवढी चिराल का? संध्याकाळी मला पेपर तपासायचेत." सासूबाई असताना असं म्हणायची तिची छाती झाली नसती.

आता भेंडी चिरली नाही तर आई नाहीत असं ठरणार, आणि आई नाहीत तर मग पेरू कोणी कापला, हा प्रश्न निघणार. आत्मारामांनी चिरली. पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी गवार. मग दुधी. गुरुवारी पाचव्या मजल्यावरच्या विनिताबाई दर्शनाला आल्या, फोटोला हात जोडले आणि किलोभर सुरती पापडी ठेवून गेल्या.

"आमच्या सासूबाईंनी असताना काही केलं नाही," त्या सुरुचीला म्हणाल्या. "तुमच्या गेल्यावरसुद्धा करतायत. नशीब लागतं."

रोज दुपारी आत्माराम राबू लागले. आणि याच दिवसांत त्यांना भलतंच काही जाणवायला लागलं. फोटोसमोर ते अर्धा पेरू ठेवायचे, दोन फोडी. हात धुऊन यावं तर एकच फोड. खिडकीला जाळी होती, कावळा येण्याची सोय नव्हती. एकदा उघडा चाकू ताटात ठेवून ते मीठ आणायला आत गेले. परत आले तर चाकू मिटलेला. एकदा पापडी सोलताना पाठीमागे बांगडी वाजली. त्यांनी वळून पाहिलं नाही. पाहायचं धाडसच झालं नाही.

त्यांनी गॉडफ्रेला फोन लावला. "अरे, पेरूची फोड जाते कुठे?"

"तूच खातोस आणि विसरतोस."

"आणि चाकू मिटतो तो?"

गॉडफ्रे म्हणाला, "आत्मा, पुढच्या बुधवारी तू येऊ नको. मीच पेरू पाठवतो."

शनिवारी परेशने जाहीर केलं, "सोमवारी गुरुजी येतायत. शांत करायची. आईचा फोटो उतरवायचा, तिच्या वस्तू विसर्जित करायच्या. तिला मोकळं करायला हवं. उद्या मी स्वतः दिवसभर समोर बसतो, एकदा खात्री करून घेतो."

चाकू सापडेल ही भीती आत्मारामांना होतीच, पण ती आता बारीक झाली होती. आपण एका पेरूसाठी खोटं घोरलो, आणि त्यापायी मनोरमेला घरातून दुसऱ्यांदा घालवायची वेळ आली. पहिल्यांदा तरी त्यात आपला काही हात नव्हता. "परेश, राहू दे रे तिला," ते म्हणाले. परेश तोवर पूजेच्या सामानाची यादी करायला बसला होता.

रविवारी सुरुची शाळेच्या कार्यक्रमाला गेली. जाताना तिने ताटात भेंडी ठेवली. परेशने खुर्ची दाराला टेकवली आणि फोटोकडे तोंड करून बसला. आत्मारामांनी पहाटेच चाकू फोटोमागून काढून सदऱ्याच्या खिशात घातला होता. आज भेंडी तशीच राहील, मग परेश प्रश्न विचारील, मग आपण सगळं सांगून टाकू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. चाकू गेला तर जाऊ दे. फोटो तरी भिंतीवर राहील.

अडीच वाजले. लिफ्ट कुठेतरी थांबली, दार उघडलं, मिटलं. पंखा फिरत होता. परेशची मान छातीवर पडली. आत्माराम खिशावर हात ठेवून त्याच्याकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचाही डोळा लागला.

जाग आली ती परेशच्या किंकाळीने. साडेचार वाजले होते. ताटातली सगळी भेंडी चिरून झाली होती. देठं एका बाजूला नीट रचलेली होती. परेशची खुर्ची अजून दारालाच टेकलेली होती.

"बाबा! मी इथेच होतो! दार... कोणी आलंच नाही!" असं म्हणत त्याने खुर्ची बाजूला ढकलली आणि एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात सुरुचीची चप्पल घालून तो जिन्याने खाली धावला. लिफ्टमध्ये जायची त्याची तयारी नव्हती.

आत्मारामांनी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. ते उठले, भिंतीला धरत फोटोपाशी गेले आणि मागे हात सारला. चाकू तिथे होता. मिटलेला. त्यांनी अंगठ्याने उघडला. पातं नुकतंच धुतल्यासारखं ओलं होतं.

ते तसेच उभे असताना सुरुची आली. हातातल्या चाकूकडे तिने पाहिलं आणि ती अजिबात दचकली नाही.

"बाबा, कमाल केलीत. परेश समोर बसलेला असताना कशी चिरलीत?"

"तुला... तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. पांघरूण डोक्यावर होतं, पण तुम्ही घोरता घोरता पेरू चावत होतात." ती हसली. "परेशला सांगितलं असतं तर चाकू गेला असता. म्हटलं, चालू द्या. रोज आल्यावर आधी तुमची बोटं मोजत होते मी. फार कडक वागलो आम्ही, बाबा. मला नंतर खूप वाईट वाटलं."

"सुरुची," आत्माराम म्हणाले, "आजची मी नाही चिरली."

सुरुची हसतच ताटाजवळ गेली. तिने भेंडीचा एक तुकडा उचलला, मग दुसरा. तिचं हसू हळूहळू मावळलं.

"तुमची गोल असते," ती म्हणाली. "ही तिरकी आहे. तिरकी आईच चिरायच्या. मी गोल चिरली की माझ्या हातातून विळी काढून घ्यायच्या."

जिन्याखालून परेशच्या फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. गुरुजींना तो आजच या म्हणून विनवत होता. सुरुचीने जिन्यात जाऊन, खाली वाकून त्याला हाक मारली. "परेश, गुरुजींना नको म्हणून सांग! शांत-बिंत काही नाही. सगळं ठीक आहे!" मग आत येऊन तिने पर्समधून किल्ली काढली, वरचं कपाट उघडलं आणि विळी, सुऱ्या, किसणी, लाटणं, एकेक करून सगळं जागच्या जागी ठेवलं. एक सुरी तिने आत्मारामांच्या हातात दिली.

"पेरू तुमचा तुम्ही कापा. जपून कापा, एवढंच."

आत्मारामांनी सुरी घेतली. दुसऱ्या हातातला चाकू त्यांनी सावकाश मिटला, पुसला आणि परत फोटोच्या मागे सारला.

"तो कशाला आता तिथे?" सुरुचीने विचारलं.

"राहू दे. तिच्या हाताला बसलाय."