बावीस मतांची निवडणूक

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात दीप्ती रुजू झाली ती पुण्याहून म्हाताऱ्यांच्या करमणुकीचा आठवड्याचा तक्ता घेऊनच. सोमवारी फुगा झेलणं, मंगळवारी चित्रं रंगवणं, वगैरे. आश्रमात बावीस माणसं होती. फुगा झेलायला एकही जण उठला नाही. सगळे फाटकाकडे तोंड करून बसायचे आणि रस्त्यावरची प्रत्येक गाडी आत वळेल म्हणून बघत राहायचे. गाडी पुढे निघून जायची.

"तुमच्या आवडीचं तुम्हीच ठरवा," दीप्ती शेवटी म्हणाली. "कार्यक्रमांसाठी एक अध्यक्ष निवडा. रविवारी मतदान घेऊ."

बिचारीला वाटलं, पाच मिनिटांत काम उरकेल. अध्यक्ष, मतदान हे शब्द या भागात असे सहज उच्चारायचे नसतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

लासुर्ण्याच्या हिंदुरावांनी लगेच मुलाला फोन लावला. रविराज दिवाळीपासून फिरकला नव्हता. कधी ट्रॅक्टर बिघडलेला, कधी ऊसतोड, कधी कुणाचा साखरपुडा. त्यानं यावं, घटकाभर खाटेवर बसावं, एवढीच हिंदुरावांची ओढ होती.

"रविराज, मी इलेक्शनला उभा हाय."

"कुठं?"

"हितंच. म्होरं शेळगावचा कुंडलिक हाय. त्येची पोरं येणार हायत म्हणं."

"थांबा आबा, आलोच!"

तासाभरात रविराजची गाडी फाटकात शिरली, आत चार कार्यकर्ते. ते कळताच कुंडलिकरावांची मुलं दोन गाड्या घेऊन आली. एकाला फुगा चिन्ह मिळालं, दुसऱ्याला रंगपेटी. प्रयागबाईंचं मत वळवायला रविराजनं त्यांच्या लेकीला सासरहून गाडीत घालून आणलं. प्रयागबाईंनी दोन वर्षांनी लेकीला पोटाशी धरलं, पोटभर रडल्या आणि मताचं मात्र "बघू" म्हणाल्या. मग काय, बाकीच्यांनीही "बघू" म्हणायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंच्या गाड्या गावोगाव पळू लागल्या आणि कुणाचा भाचा, कुणाची सून आश्रमात उतरू लागली.

रविराज रोज यादी घेऊन वडिलांच्या खाटेवर बसे.

"आबा, खोली चारचं मत आपलंच न्हवं?"

"सांगतो. आधी च्या घे."

बावीस नावांना किती वेळ लागतो? हिंदुराव चार-चार तास लावत. यादी संपली की मुलगा उठणार, याची त्यांना फार धास्ती होती.

रविवारी मतदान झालं. दीप्तीनं पहिली चिठ्ठी उघडली. शिक्का दोन्ही चिन्हांवर.

"बाद."

दुसरी बाद. तिसरीही. बावीसच्या बावीस मतं बाद!

"आबा, तुमचं सुदिक?" रविराज ओरडला.

"हात थरथरला रं."

"फेरमतदान घ्या!" प्रयागबाईंनी मागून आवाज टाकला. "फुडच्या रविवारी!"

"मग शनिवारीच मुक्कामाला येतो," रविराज म्हणाला. "आता हरायचं न्हाय म्हंजी न्हाय."

संध्याकाळी गाड्या गेल्या. दोन्ही उमेदवार फाटकाला टेकून रस्त्याकडे बघत उभे होते. हिंदुरावांचे डोळे भरून आले होते.

"परत बाद झाली तर पोरास्नी वास लागंल," कुंडलिकराव हळूच म्हणाले.

"व्हय की," हिंदुरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "या खेपेला बरोबरी करू. अकरा-अकरा."