इंजिनिअरसाहेबांचा रेडिएटर

ऑफिसातल्या स्टेपलरमध्ये अडकलेली पिन एकदा काढल्यापासून सगळे त्यांना इंजिनिअरसाहेब म्हणत. (होते ते आवक-जावक कारकून.) लोकांनी ते थट्टेने म्हटलं होतं, यांनी मनावर घेतलं. त्यामुळे रविवारी सकाळी गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसलं तेव्हा बायको मेकॅनिकला फोन करा म्हणत असतानाच त्यांनी बाह्या सरसावल्या. रेडिएटर गळतोय, तासाभराचं काम आहे, असं जाहीरही करून टाकलं.

सोमवारी सकाळी आठला सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तीन महिने थांबून मिळालेली तारीख, आणि हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सासूबाई शनिवारीच मुक्कामाला आल्या होत्या. मोतीबिंदू इतका पिकला होता की जावई म्हणजे त्यांना एक धूसर ठिपका दिसे. आज तो ठिपका फारच हलत होता.

पान्यासाठी घरात, फडक्यासाठी बाहेर, आणि घरात गेल्यावर कशासाठी आलो ते आठवायला पुन्हा बाहेर. एकदाची गाडी सुरू केली, तेव्हा व्हरांड्यात बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, डाव्या अंगाला शू असा बारीक आवाज येतोय. तिथली नळी बघता का?"

"हो आई," म्हणून त्यांनी रेडिएटर खोलायला घेतला. ज्यांना समोरचा कप दिसत नाही त्यांनी गळती दाखवावी, हे काही त्यांना पटेना. थोड्या वेळाने सासूबाईंनी तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा हो म्हटलं.

दुपारी रेडिएटर बाथरूममध्ये पोहोचला. सायकलच्या ट्यूबसारखा टबात बुडवायचा, फुंकर मारायची आणि बुडबुडे बघायचे, असा बेत होता. एका तोंडात बोळा कोंबून दुसऱ्यातून ते गाल फुगवून फुंकू लागले. बुडबुडा एकही आला नाही. बोळा मात्र सुटला, आणि कित्येक वर्षांचं गंजकं पाणी दोरीवर वाळत घातलेल्या चादरींवर उडालं. बायको दारात येऊन बघून गेली.

भोक सापडेना. शेवटी एका काळ्या डागालाच भोक ठरवून त्यांनी त्यावर भोकं बुजवायची लांबी मळून थापली. त्यात पत्र्याने तीन बोटं कापली. पाच वाजता रेडिएटर परत जागेवर बसला. (दोन स्क्रू उरले. कारखान्यात जास्तीचे बसवले असणार.) पाणी भरलं, गाडी सुरू केली. थारोळं पुन्हा तिथेच, आणि सकाळपेक्षा मोठं.

साहेब पायरीवर बसले, उठले, परत बसले. रविवारी संध्याकाळी एकही मेकॅनिक फोन उचलेना. ही तारीख हुकली तर पुढची कधी मिळेल कोण जाणे, असं बायको आतून म्हणाली. एवढंच म्हणाली, पण त्यांना ते फार लागलं.

तेवढ्यात सासूबाई भिंतीला हात लावत बाहेर आल्या. त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं, ते निवू दिलं, आणि मग रबरी नळीवरून सावकाश बोटं फिरवली. नळी रेडिएटरला मिळते तिथे बोटं थांबली.

"नळीवरची ही पट्टी सैल आहे. आवळा."

त्यांनी स्क्रूड्रायव्हरचे तीन फेरे दिले. गळती थांबली. सकाळीच का नाही सांगितलंत, हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला होता, पण वेळीच त्यांनी तो गिळला.

सोमवारी गाडी थेंबही न गाळता निघाली. तरी यांना चैन कुठलं? प्रत्येक सिग्नलला उतरून गाडीखाली वाकायचे. तिसऱ्या सिग्नलला कपाळ बंपरवर आपटलं.

पावणेआठला ते हॉस्पिटलच्या दारात पोहोचले. बायको कागद घेऊन खिडकीकडे गेली. चाकाची खुर्ची घेऊन आलेल्या सिस्टरने दोघांकडे पाहिलं. एकीकडे शांतपणे उभ्या असलेल्या बाई. दुसरीकडे तीन बोटांना पट्ट्या, कपाळाला टेंगूळ आणि एका जागी पाय ठरत नाही असा गृहस्थ. तिने साहेबांचा दंड प्रेमाने धरला, घाबरू नका म्हणाली आणि त्यांना खुर्चीत बसवलं.

सासूबाईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या मागोमाग चालू लागल्या.

"सावकाश न्या हं, सिस्टर," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत त्यांना कशाला हात लावू देऊ नका."